बोलत चालव

गुरुवारी सकाळी तासगावातून निघायचं,
मिरजेत डोळ्यांच्या दवाखान्यात दहाचा नंबर.
गाडी माझी, दुसऱ्या हाताची, पांढरी.
लायसन्स बावीस वर्षांचं, हात अजून ताठ.
शेजारी गुलाबचाचा मुलाणी,
तेहतीस वर्षं एसटी चालवलेले,
आता नजरेच्या मधोमध काळा ठिपका,
कडेकडेनं थोडं जग.

पहिल्याच दिवशी कवठे एकंदच्या अलीकडं म्हणाले,
"बाई, मुकी नको चालवू. काय दिसतंय ते बोल."
म्हटलं, रस्ता दिसतोय.
"रस्ता मलाबी दिसतोय. रस्त्यावर काय?"

मग सांगत गेले.
द्राक्षांचे क्रेट उतरवून उभा टेम्पो.
"ड्रायव्हर आत का बाहेर?"
आत.
"मग दार उघडंल. हातभर लांबनं काढ."
एक म्हैस.
"तोंड कुठं?"
रस्त्यापलीकडं बघतेय.
"मग रेडकू तिकडं. आता ओलांडंल ती."
ओलांडली.
थांब्यावर एसटी.
"तिच्या पोटाखालनं बघ. पाय दिसतात?"
दिसले. दोनच. पांढरे मोजे, शाळेचे बूट.
प्रार्थनेच्या रांगेत इतकी वर्षं हेच बूट तपासत आले मी,
एसटीखालचे कधी पाहिले नव्हते.

अंतर ते तोंडानं मोजायचे.
पुढची गाडी विजेच्या खांबापाशी गेली की म्हणायचं,
मिरज एक, मिरज दोन.
त्याआधी आपण खांबाशी पोचलो, तर पाय उचलायचा.
रस्ता ओला असला तर मिरज चार.
ब्रेकला ते उशिरा आलेली अक्कल म्हणायचे.
हॉर्नला काहीच म्हणायचे नाहीत,
मी वाजवला की नुसतं खिडकीकडं तोंड फिरवायचे.

जानेवारीत एकदा दवाखान्यातच रात्र झाली.
कवलापूर सोडलं, धुकं उतरलेलं, कारखाने सुरू.
समोरून कुणीतरी सगळा उजेड डोळ्यांत ओतत आला.
"त्याच्याकडं बघू नको. डावीकडची पांढरी पट्टी धर."
धरली.
"आता बोल."
काही नाही चाचा, मोकळा आहे रस्ता.
"मोकळा कसा? खाली बघ. पाचट पडलंय?"
पडलं होतं. एक पान, मग चार,
मग एक अख्खा ऊस, चिरडलेला, ओला.
"सोड पाय. पुढं ट्रॉली हाय."
कुठं? दिसत नाही.
"दिसत नाही म्हणून तर सोड म्हणतोय.
दिवा पोचतो तेवढ्यात थांबता आलं पाहिजे.
त्याच्या पलीकडचा रस्ता आपला न्हाई.
आणि ब्रेक दोनदा हळू दाब,
मागच्यालाबी कळू दे."

चाळीस. तीस. वीस.
मग धुक्यातून ती आली,
दोन ट्रॉल्या एकीमागं एक, एक चाक बसलेलं,
ना दिवा, ना रिफ्लेक्टर,
रस्ताभर काळी उसाची भिंत,
आणि तिच्यापुढं मोबाईलचा उजेड हलवणारा एक पोरगा.
काजव्याएवढा उजेड.

माझे गुडघे स्टेअरिंगखाली वाजत होते.
चाचा म्हणाले, "डिकीत तांबडा त्रिकोण असंल.
अजून प्लास्टिकमधीच असंल."
होता. प्लास्टिकमध्येच.
दातांनी फाडलं, साठ पावलं मागं जाऊन ठेवला.

आता त्यांच्या सुया संपल्या, गुरुवारही संपले.
मी एकटीच बोलत चालवते.
सिग्नलला शेजारचे बघतात,
बाई फोनवर आहे असं वाटतं त्यांना.
फोन मी घरी पोचल्यावर घेते.
रात्री आठला त्यांचाच असतो.
"काय दिसलं आज?"
सांगते. उसाला तुरे आलेत.
कुमठ्याच्या फाट्याला नवा गतिरोधक, पट्टे अजून मारले नाहीत.
एका बैलगाडीला मागं जुन्या सीड्या बांधल्यात,
दिवा पडला की चमकतात.
"किती हायत?"
तीन. एक निखळायला आलीय.
"उद्या भेटला तर सांग त्याला,"
म्हणतात, आणि ठेवतात.